आज्याची कला

आमच्या कोपरीच्या घराच्या दारावर दोन पाट्या होत्या. वरची पत्र्याची, गंजलेली, आज्यानं स्वतःच्या हातानं ठोकलेली. तिच्यावर त्याच्या बापाचं नाव. खालची हिरवीगार, प्लास्टिकची, मंडळानं दिलेली. तिच्यावर ‘शंकामुक्त घर’. ती लावायला ड्रिल घेऊन दोन माणसं आली तेव्हा आजा ओट्यावर पाय सोडून बसला होता. त्यानं पाटी अक्षराला अक्षर जोडत दोनदा वाचली आणि त्या माणसांना अगदी सरळ चेहऱ्यानं म्हणाला, “शंकामुक्त? मंग मानसानी मुताला जावाचा कुठं?” ती माणसं हसली नाहीत. पप्पा आतून धावत आले, म्हाताऱ्याचं वय झालंय असं काहीतरी पुटपुटले आणि त्याला दंडाला धरून आत घेऊन गेले. मला मात्र हसून हसून उचकी लागली, ती आईनं चिमटा काढला तेव्हा थांबली. लघुशंकेचा तो विनोद पुढे कोपरीभर झाला, पण बंद दारांच्या आतच.

मंडळ कसं आलं, कुणी आणलं, त्याच्या आधी काय होतं, हे लिहिणारी जाणती माणसं आहेत, त्यांनी ते लिहावं. मी नऊ वर्षांची होते. माझ्यापर्यंत मंडळ पोचलं ते दारावरच्या त्या पाटीतून आणि शाळेत मिळालेल्या एका वहीतून. बाकी सगळं मला मोठेपणी पुस्तकांतून कळलं, आणि ते वाचताना नेहमी दुसऱ्याच कुठल्यातरी देशाबद्दल वाचल्यासारखं वाटलं.

घर म्हणजे खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, वर पत्र्याची एक खोली. वरच्या खोलीत सुलभाताई भाड्यानं राहायच्या, एकट्याच. त्या ब्लाउज शिवायच्या आणि त्यांच्या मशीनची खडखड सकाळी आमच्या डोक्यावर सुरू व्हायची, ती पार जेवणवेळेपर्यंत. घड्याळ बघायची फारशी गरज पडत नसे. मशीन थांबलं की आई तवा ठेवायची. पप्पा शहराची बस चालवायचे, घोडबंदर रोडच्या बाजूला. आज्याचं अर्धं आयुष्य मिठागरात गेलेलं. मिठागरं कधीच बुजली, त्यांच्यावर बिल्डिंगी उभ्या राहिल्या, पण आज्याच्या तळपायाच्या भेगा आणि जिभेची पारख दोन्ही शाबूत होत्या. सुक्या जवळ्याचं कालवण असो नाहीतर वालाचं, वाढायच्या आधी आई चमचाभर रस्सा त्याच्या तळहातावर घालायची आणि विचारायची, “बाबा, मीठ झालं का?” आजा तळहात चाटायचा, डोळे मिटायचा आणि निकाल द्यायचा. त्या निकालावर अपील नव्हतं. आम्ही ताटं घेऊन बसलेलो असायचो आणि तांदळाच्या भाकरीचा वास घरभर पसरलेला असायचा.

आई डोंबिवलीची. तिचे वडील मराठीचे मास्तर, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ हे तिचं माहेरचं कुलदैवत. मी पप्पांना पप्पा म्हणते हे तिनं चालवून घेतलं, पण स्वतःला मम्मी म्हणवून घेतलं नाही. लग्न होऊन कोपरीत आली त्या दिवसापासून तिनं आज्याची भाषा सुधारायला घेतली होती. पानी नाही हो बाबा, पाणी, असं ती म्हणायची. आणि आजा म्हणायचा, “कला? पानी पिल्याव तहान भागत नाय?” आमच्या आगरी लोकांच्या बोलीत कला म्हणजे का, कशाला. आज्याच्या तोंडी तो शब्द दिवसभर असे. दूधवाला उशिरा आला, कला. माझी शाळा लवकर सुटली, कला. टीव्हीवर मंडळाचा माणूस बोलायला लागला की आजा पडद्याकडे बघत दर वाक्यामागे एकदा म्हणायचा, कला, आणि पप्पा घाईघाईनं टीव्हीचा आवाज वाढवायचे. पालथ्या घड्यावर पाणी, असं आई वैतागून म्हणायची, आणि तो लगेच दुरुस्ती करायचा, पानी. दहा वर्षं हे चाललं होतं आणि दोघांनाही त्याचा कंटाळा आलेला नव्हता.

शाळेत रोज पहिला तास समजतासाचा असे. तो वृंदाताई घ्यायच्या. देशावरून नव्यानं आलेल्या, बावीस-तेवीसच्या, दोन वेण्या घालणाऱ्या, आणि खरं सांगायचं तर मला फार आवडणाऱ्या. त्या काळाबद्दल विचारायला हल्ली कॉलेजातली मुलं माझ्याकडे येतात. फोन रेकॉर्डिंगला लावून समोर ठेवतात आणि आशेनं बघत राहतात, की आता या बाई छड्या, अंधारकोठडी असलं काही सांगतील. आम्हाला मजा यायची असं मी सांगते तेव्हा त्यांचे चेहरे पडतात. पण यायचीच मजा. हो-हो नावाचा एक खेळ होता. ताई म्हणायच्या, बर्फ गरम असतो. जो सगळ्यात आधी ‘हो’ ओरडेल तो खेळात राहणार, जो विचारात पडेल तो बाद. कावळा पांढरा असतो, हो. समुद्र गोड असतो, हो. मी त्या खेळात पटाईत होते, वर्गात माझ्याइतकं झटपट हो कुणाचंच येत नसे. मग बाकावर हात आपटत घोषणा: जे आहे ते बरे आहे, सांगितले ते खरे आहे. तिचा ठेका इतका पक्का बसलाय की अजूनही कधी चटणी कुटताना हात त्याच तालावर पडतो, आणि माझी मला लाज वाटते.

फळ्याशेजारी एक मोठं चित्र होतं. पिवळ्या डोळ्यांचा, पिवळ्या नखांचा एक माणूस आणि खाली अक्षरं, ‘का-वीळ’. कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं हे घरोघरी म्हणतातच, त्यामुळे ते चित्र आम्हाला समजावून सांगावं लागलं नाही. ‘का’ हा त्या रोगाचा जंतू. तो मोठ्या माणसांच्या तोंडातून बाहेर पडतो. आपण आजारी आहोत हे त्या बिचाऱ्यांना कळत नाही, म्हणून त्यांच्या लाडक्या मुलांनी लक्ष ठेवायचं. घरात कुणी ‘का’ म्हणालं की शाळेनं दिलेल्या शंकावहीत त्याचं नाव आणि वाक्य लिहायचं. ताई ते वाचतील, मंडळाला कळवतील, आणि त्या माणसाला समाधान केंद्रात नेऊन बरं करतील. शंकेचं समाधान. शब्द तयारच होते आपल्याकडे, त्यांना फक्त उचलायचे होते. खुद्द ताईंनाही प्रश्न विचारायला बंदी होती. त्या नुसतं म्हणायच्या, तू गृहपाठ केला आहेस, आणि थांबायच्या. मग आपण हो किंवा नाही म्हणायचं. रस्त्यावरही तसंच झालं. मराठीतला ‘का’ काढून घेतला की काय काय जातं, याची यादी मी अजून मनातल्या मनात करत असते. जेवलीस का, हे जातं. बरं वाटतंय का, हे जातं. कुणाच्या घरून निघताना दारात उभं राहून आपण ‘येऊ का?’ म्हणतो, ते जातं. तेव्हा माणसं नुसती उठून निघून जायची.

एका सोमवारी सुलभाताईंचं मशीन सुरू झालं नाही. मंगळवारीही नाही. वर कुणी चालत नव्हतं, बादली सरकवत नव्हतं. आई जेवणाची वेळ चुकवायला लागली. एकदा भाकऱ्या भलत्याच लवकर झाल्या आणि थंड पडल्या. घरात त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. गुरुवारी सकाळी आई सुपात जवळा घेऊन निवडत बसली होती, पप्पा बुटाची लेस बांधत होते, मी दप्तर भरत होते. आई वर छताकडे बघून म्हणाली, “सुलभाताईंचं मशीन चार दिवस का बंद आहे? कुणीच का बोलत नाही?” पप्पांनी लेस सोडून पुन्हा बांधली. त्या क्षणी मला काय वाटलं हे मी नीट आठवायचा पुष्कळ प्रयत्न केलाय. भीती वाटली नाही. राग तर मुळीच नाही. मला आनंद झाला. माझी शंकावही तोपर्यंत कोरी होती, मिठाचा तो रोजचा ‘का’ मला कधी ऐकूच आला नव्हता, आणि आमच्या वर्गातल्या हर्षदाच्या वहीत अकरा नोंदी होत्या. तिच्या गणवेशावर हिरवी पिन चमकायची. आणि आई अलीकडे नीट झोपत नाही हेही मला दिसत होतं. आता तिला बरं करतील, असं मला अगदी मनापासून वाटलं. मी ते वाक्य सुवाच्य अक्षरात लिहिलं.

आई रोज संध्याकाळी माझ्या वह्या तपासायची. शंकावही घरी दाखवायची नसते, पण त्या दिवशी गणिताच्या वहीबरोबर तीही तिच्या हातात गेली. तिनं ते पान वाचलं. बराच वेळ वाचलं, म्हणजे दोन ओळींना लागायला नको इतका वेळ. मग तिनं लाल पेन उचललं. मी ‘मशिन’ लिहिलं होतं. तिनं त्यातल्या पहिल्या वेलांटीवर काट मारली, समासात ‘मशीन’ असं लिहून दाखवलं, वही मिटली आणि माझ्या दप्तरात ठेवली. “अक्षर छान आलंय,” ती म्हणाली आणि भाकऱ्या थापायला गेली.

ते पान ती फाडू शकली असती. पान फाटलेलं दिसलं तर लिहिणाऱ्या मुलालाच नेतात, असं तेव्हा बोललं जायचं, खरंखोटं मला माहीत नाही. तिला कदाचित मला वाचवायचं असेल. किंवा मुलीला खोटेपणा शिकवायचा नाही, या मास्तरांच्या घरच्या हट्टामुळेही असेल. किंवा हाताला लागलेली सवय, चुकीचा शब्द दिसला की दुरुस्त करायचा, बाकी जग बुडालं तरी. आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. ती असताना तिला हे विचारायचं धाडस मला झालं नाही, आणि आता लाल पेनची ती वेलांटी मिटल्या डोळ्यांसमोर येते तेव्हा विचारायला कुणी नाही.

शनिवारी सकाळी ताईंनी माझ्या गणवेशावर हिरवी पिन लावली, वर्गानं टाळ्या वाजवल्या. दुपारी घरी आले तर दारात पांढरी गाडी. गाडीतून आलेली बाई फार गोड बोलत होती. आईनं दोन साड्या आणि कंगवा पिशवीत घातला, पीठ कुठल्या डब्यात आहे ते मला दाखवलं, माझ्या पिनकडे बघितलं आणि ती तिरकी लागली होती ती सरळ केली. एक माणूस स्क्रू फिरवून दारावरची हिरवी पाटी काढत होता. आजा ओट्यावर उभा राहून कला, कला म्हणत होता, त्या सगळ्यांना, एकेकाला, आणि कुणी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. का, कसे, कुठे, कशाला असे सगळे शब्द मंडळाच्या यादीत होते, शाळेत ती यादी भिंतीवर लावलेलीच होती; पण यादी करणारा कुणी स्टेशन ओलांडून पूर्वेला आमच्या कोपरीत आलेला नसावा. आज्याचा शब्द तिच्यात नव्हता.

समाधान केंद्र घोडबंदर रोडवर होतं. बांधता बांधता राहिलेला एक टॉवर, बाल्कन्यांना हिरवी जाळी लावलेली. पप्पांची बस दिवसातून सहा वेळा त्याच्यावरून जायची. एरवी तिथल्या ट्रॅफिकला शिव्या घालणारे पप्पा त्या दिवसांत घरी येऊन सांगायचे, आज तिथंच वीस मिनिटं अडकलेलो. बरं वाटायचं सांगताना त्यांना, ते कळायचं. जाळीमागे एकदा निळी साडी दिसली असं ते म्हणाले, पण आईनं निळी नेली नव्हती. तो टॉवर पुढे पूर्ण झाला. आता तिथे पोहण्याचा तलाव आहे, आणि माझी एक मैत्रीण अकराव्या मजल्यावर राहते. मी तिच्याकडे कॉफीला जाते. साखर घालू का, असं ती विचारते आणि मी बाल्कनीकडे बघत असते.

तीन आठवड्यांनी आई परत आली. तब्येत चांगली होती, केसांना तेल लावलेलं होतं, हातात प्रमाणपत्र आणि पेढ्यांचा पुडा होता. हिरवी पाटी पुन्हा लागली. मी धावत जाऊन तिच्या कमरेला मिठी मारली आणि ती म्हणाली, “तू बरी आहेस.” मी मान वर करून वाट बघत राहिले. वाक्याच्या शेवटी सूर जरासा चढेल असं मला वाटत होतं. तो चढला नाही.

त्यानंतर आईनं काहीच विचारलं नाही. आलीस, म्हणायची. भूक लागली आहे, म्हणायची. कालवण थेट ताटात येऊ लागलं. मीठ झालं का, हे बंद झालं, आणि आमच्या घरातली चव गेली. एक दिवस अळणी, एक दिवस तोंडात घालवणार नाही इतकं खारट. आजा निमूट जेवायचा. त्याला कुणी विचारलेलं नव्हतं. तोंडात मिठाची गुळणी धरणं म्हणजे काय ते मी त्या पंगतीत पाहिलं. पण त्याहून वाईट म्हणजे आईनं त्याची भाषा सुधारणं सोडून दिलं. आजा मुद्दाम चुका करायचा. सुनबाय, पानी दे गो, असं ओरडायचा, पानी शब्द दोनदा म्हणायचा, तिच्या तोंडाकडे बघत. आई त्याला पाणी द्यायची. तो तांब्या घ्यायचा आणि न पिता बाजूला ठेवायचा. मी काय करून बसले ते मला कुणी सांगितलं नाही, त्या न प्यायलेल्या पाण्यावरून कळलं. मी गणवेशावरची पिन काढून कंपासपेटीत टाकली, आणि ताईंना सांगितलं की हरवली.

त्यानंतर माझी वही पुन्हा कोरी राहायला लागली. पंधरा दिवसांनी ताईंनी ती उघडून माझ्यासमोर धरली. तुझी वही कोरी आहे, त्या म्हणाल्या, आणि थांबल्या. मग म्हणाल्या, कोरी वही म्हणजे लपवलेला ताप. त्यांचा आवाज नेहमीसारखा मऊ होता. काहीतरी लिहायला हवं होतं आणि घरातल्या कुणाचं नाव त्यात जाऊन चालणार नव्हतं. चांगल्या गोष्टीही कधीमधी लिहिलेल्या चालायच्या. मग मला युक्ती सुचली, आणि त्या वयात आपल्याला आपली युक्ती म्हणजे जगातली पहिली वाटते. मी लिहिलं, ‘माझ्या आज्याला कला फार आवडते. तो दिवसभर कला कला करतो.’ वाक्य खोटं नव्हतं, ‘का’ त्यात नव्हता, शब्द यादीत नव्हता. आणि कबूल करते, थोडी उत्सुकताही होती. आज्याचा शब्द कागदावर उतरवला तर यांना कळतो की नाही, हे मला बघायचं होतं.

ताई फार खूश झाल्या. शुक्रवारी मंडळाचे निरीक्षक येणार होते. त्यांच्यासमोर एखादे कलाप्रेमी आजोबा म्हणजे किती छान. ताईंनी घरी चिठ्ठी दिली. पप्पांनी ती वाचली आणि खुर्चीत बसले. नाही म्हणायची सोय नव्हती. त्यांनी आज्याला पढवलं, की तिथं गप्प बसायचं, मान हलवायची, एक शब्द बोलायचा नाही. आजा म्हणाला, कला? पप्पांनी कपाळाला हात लावला.

शुक्रवारी आजा पांढरा सदरा आणि टोपी घालून वर्गात आला. निरीक्षक मागच्या भिंतीशी कागद घेऊन बसले होते. ताईंनी आज्याला खुर्ची दिली आणि आम्हाला सांगितलं की आजोबांना कला प्राणांहून प्रिय आहे. आज्यानं कान टवकारले. तो शब्द इतक्या चांगल्या कपड्यातल्या माणसाकडून त्यानं कधी ऐकला नव्हता.

“आजोबा, तुम्ही मुलांना दोन शब्द सांगणार आहात,” ताई म्हणाल्या.

“कला?” आजा म्हणाला.

“हो, कलेबद्दलच.”

“मीच कला पन?”

वर्गातली निम्मी मुलं कोपरीतली, आमच्याच लोकांची. मागच्या बाकावर कुणीतरी फिसकलं. मग त्याच्या शेजारी. हसू बाकाबाकावरून पुढे आलं आणि ज्यांना काही कळलं नव्हतं तीही हसायला लागली. निरीक्षकांनी कागदावरून डोळे वर केले. ताईंच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. त्यांनी आज्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, तसं हसू थांबलं. आता आजा जाणार, हे मला दिसलं, पांढरी गाडी, स्क्रू फिरवणारा माणूस, सगळं; आणि हेही माझ्याच अक्षरात.

“तुमच्याकडे या शब्दाला दुसरा काही अर्थ आहे,” ताई म्हणाल्या, आणि हर्षदाकडे बोट केलं.

हर्षदा उभी राहिली. अकराच्या आता सतरा नोंदी झाल्या होत्या तिच्या. तिचा काका तिनंच लिहिलेला, आणि तो अजून परत आलेला नव्हता. ती आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहायची आणि तिची आजी आमच्या आज्यापेक्षाही जास्त वेळा कला म्हणायची. तिनं आज्याकडे बघितलं. आजा टोपी सारखी करत होता. मग तिनं पाठ केलेली कविता म्हणावी तसं, छताकडे बघून सांगितलं, “नाही ताई. कला म्हणजे चित्रकला, हस्तकला, गायनकला.” आणि खाली बसली.

ताई माझ्याकडे वळल्या. हर्षदा खरं सांगते आहे, त्या म्हणाल्या, आणि थांबल्या. बर्फ गरम असतो. कावळा पांढरा असतो. मी “हो” म्हटलं, आयुष्यात म्हटलेलं सगळ्यात झटपट हो.

ताई फळ्याकडे गेल्या, मोठ्या अक्षरात ‘कला’ लिहिलं आणि आम्हाला दहा वेळा मोठ्यानं म्हणायला सांगितलं. आम्ही म्हटलं. बाकांवर हात आपटत, घोषणेच्या ठेक्यात, चाळीस मुलं, कला, कला, कला. चौथ्या वेळेपासून आजाही सामील झाला आणि त्यानं सरळ निरीक्षकांकडे बघून ते विचारून घेतलं, उरलेल्या सगळ्या वेळा. निरीक्षकांनी मान डोलावून कागदावर काहीतरी लिहिलं. वृंदाताईंना कळलं होतं का? त्या कोपरीतच एका आगरी म्हातारीकडे खोली घेऊन राहत होत्या, आणि त्या म्हातारीच्या तोंडून त्यांनी हा शब्द आठ महिन्यांत एकदाही ऐकला नसेल, हे मला पटत नाही. कळलं नसेल तर आमचं नशीब. कळलं असेल तर त्या दिवशी त्यांनीही खोटं हो म्हटलं, आणि त्यांच्यासमोर तर निरीक्षक बसले होते. फळ्यावरचा तो शब्द त्यांनी महिनाअखेरपर्यंत पुसू दिला नाही, एवढं खरं.

घरी जाताना आज्यानं माझा हात धरला होता. अर्ध्या वाटेत तो थांबला आणि म्हणाला, “आयशीचा पन तूच लिवलेलास?” मी मान हलवली. तो पुन्हा चालायला लागला. हात सोडला नाही.

पप्पा दांडी मारून फाटकापाशी उभे होते. आज्याला चालत आलेला बघितलं आणि ते तिथंच खाली बसले. आत आई भाकरी थापत होती. मी उंबऱ्यावर बसले आणि मला रडू फुटलं, आवाज करून, नाक वाहेपर्यंत. आई परातीपासून उठली, पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आली आणि माझ्यासमोर उकिडवी बसली. तिनं तोंड उघडलं. ‘का’ म्हणायला तोंड उघडतं तसंच ते उघडलेलं मला दिसलं, पण आवाज आला नाही. तिनं पुन्हा प्रयत्न केला. मग तिनं वर बघितलं, दारात चपला काढत असलेल्या आज्याकडे.

“कला रडतेस?” ती म्हणाली.

डोंबिवलीच्या मास्तरांची मुलगी. वाक्याच्या शेवटी सूर थरथरला, पण चढला. आजा एक चप्पल हातात घेऊन तसाच उभा राहिला. दहा वर्षं तो ज्याची वाट बघत होता ते त्याच्या दारात घडत होतं, आणि त्यानं ते वाया जाऊ दिलं नाही.

“रडतेस नाय गो, सुनबाय,” तो म्हणाला. “ररतंस.”

आईनं पिठाच्या हातानं डोळे पुसले. शुद्धलेखन घालताना घ्यायची तशी एकेक अक्षर काळजीपूर्वक घेत ती म्हणाली, “कला ररतंस?”

“आता बराबर,” आजा म्हणाला.